मायक्रोवेव्ह ओव्हन

मायक्रोवेव्ह ओव्हन, अर्थात सूक्ष्मतरंग भट्टी, हे विद्युतचुंबकीय तरंगांच्या साहाय्याने अन्न तापवणारे विजेवर चालणारे उपकरण आहे. चूल, शेगडी किंवा गॅस यांवर उष्णता भांड्यातून अन्नात शिरते. या उपकरणात तरंगांची ऊर्जा थेट अन्नात शोषली जाते आणि तिची उष्णता तिथेच तयार होते. हे तत्त्व लक्षात घेतले की या भट्टीत काय चांगले होते आणि काय होत नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

इतिहास

या भट्टीचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील रडारमध्ये आहे. जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात विवर मॅग्नेट्रॉन बनवला. सूक्ष्मतरंगांची शक्तिशाली निर्मिती करणारी ही नलिका त्याच वर्षी ब्रिटिश शिष्टमंडळाने अमेरिकेत नेली आणि तिथे तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. रेथिऑन या उत्पादक कंपनीतील अभियंता पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील गोड वडी मॅग्नेट्रॉनजवळ काम करताना वितळली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. वडी नेमकी कशाची होती याबाबत कथनांत फरक आढळतो. मात्र स्पेन्सर यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये अन्न तापवण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला, ही नोंद पक्की आहे.

सुरुवातीचे 'रडाररेंज' हे यंत्र सुमारे १.८ मीटर उंच आणि ३४० किलो वजनाचे होते. त्याला थंड ठेवण्यासाठी पाण्याची नळजोडणी लागे, त्यामुळे ते घरात येणे शक्यच नव्हते. टॅपन कंपनीने १९५५ मध्ये घरगुती भट्टी बाजारात आणली, पण तिची किंमत १,२९५ डॉलर होती. १९६७ मध्ये अमाना कंपनीची ओट्यावर मावणारी भट्टी ४९५ डॉलरला आली आणि त्यानंतरच हे उपकरण अमेरिकी घरांत पसरू लागले.

कार्यपद्धती

भट्टीतील रोहित्र घरगुती वीजदाब काही हजार व्होल्टपर्यंत वाढवून मॅग्नेट्रॉनला पुरवतो. मॅग्नेट्रॉनमधून निघणाऱ्या तरंगांची वारंवारता सुमारे २.४५ गिगाहर्ट्‌झ आणि तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धनभारित व दुसरी ऋणभारित असते. तरंगाचे विद्युतक्षेत्र सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा बदलते आणि रेणू त्याच्या मागे वळू पाहतात. शेजारच्या रेणूंच्या अडथळ्यामुळे ही ऊर्जा उष्णतेत बदलते. ही वारंवारता पाण्याच्या रेणूची 'नैसर्गिक कंपने' जुळवण्यासाठी निवडली, हा समज चुकीचा आहे. द्रवरूप पाणी याहून बऱ्याच जास्त वारंवारतेला अधिक शोषण करते. पण तसे तरंग वापरले तर ते अन्नाच्या पृष्ठभागातच संपून जातील.

अन्न 'आतून बाहेर' शिजते, हाही असाच एक रूढ गैरसमज. तरंग साधारण काही सेंटिमीटरच आत पोहोचतात. मोठ्या बटाट्याचा गाभा नेहमीप्रमाणे बाहेरच्या थरांतून येणाऱ्या उष्णतेनेच शिजतो.

धातूच्या भिंतींवरून परावर्तित झालेल्या तरंगांमुळे पोकळीत स्थिर तरंग तयार होतात. काही ठिकाणी तापन जोरदार होते, तर तिथून जेमतेम तीन सेंटिमीटरवर ते जवळपास नसते. फिरती तबकडी हा दोष कमी करते, पूर्णपणे घालवत नाही. बर्फ पाण्याच्या तुलनेत फारच कमी ऊर्जा शोषतो. त्यामुळे गोठलेल्या पदार्थाचा आधी वितळलेला कोपरा शिजू लागतो आणि मधला भाग दगडासारखा राहतो. म्हणूनच डीफ्रॉस्टमध्ये भट्टी थांबून थांबून चालते.

स्वयंपाकातील स्थान

एक पेला (२०० मिलिलिटर) पाणी २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसला नेण्यास सुमारे ६३ किलोज्यूल ऊर्जा लागते. ८०० वॅटच्या भट्टीत हे काम आदर्श स्थितीत ८० सेकंदांत होईल. हाच हिशेब दोन लिटर पाण्यासाठी केला तर १३ मिनिटे लागतात. प्रमाण वाढले की वेळ जवळपास त्याच पटीत वाढतो. एका माणसाचा वरण-भात गरम करायला हे उपकरण उत्तम आहे. आठ माणसांची डाळ, भात आणि बटाटे एकाच वेळी शिजवण्यात कुकरचा हात ते धरू शकत नाही. मराठी घरांत ते आले तरी कुकरच्या शिट्ट्या थांबल्या नाहीत, याचे कारण केवळ सवय नव्हे.

दुसरी मर्यादा तापमानाची आहे. पाणी असेपर्यंत अन्नाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पदार्थाला खरपूसपणा देणाऱ्या रासायनिक क्रियांना मात्र साधारण १४० अंश लागतात. त्यामुळे भाकरी, पोळी आणि थालीपीठ तव्यावरच शोभतात. तेल सूक्ष्मतरंग फारसे शोषत नाही, म्हणून मोहरी तडतडणारी फोडणी गॅसवर करणेच सोयीचे. याउलट वाफेवरचे पदार्थ, ढोकळा, उकडलेली कणसे यांत भट्टी पटाईत आहे. पापड तर एका मिनिटाच्या आत, तेलाविना फुलतो. शेंगदाणे, रवा, बेसन हेही भाजता येतात, मात्र दर मिनिटाला बाहेर काढून ढवळावे लागते. न ढवळलेले बेसन मध्यभागी करपते आणि कडेला कच्चे राहते.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक भट्ट्यांत सूक्ष्मतरंगांबरोबर ग्रिल आणि कन्व्हेक्शन यांचीही सोय असते. कन्व्हेक्शनमध्ये तापक तार आणि पंखा यांनी गरम हवा खेळवली जाते. पीठ, तूप, साखर बेकरीत नेऊन देऊन करून आणली जाणारी नानकटाई आता घरी होते ती या गरम हवेमुळे. सूक्ष्मतरंगांचा तिच्याशी संबंध नाही.

भांडी

मराठी स्वयंपाकघर मुख्यतः स्टीलचे असल्यामुळे या भट्टीसाठी वेगळी भांडी घ्यावी लागतात. धातू तरंग परावर्तित करतो, त्यामुळे स्टीलच्या डब्यातील भाजी तापत नाही. धातूच्या टोकदार कडांपाशी ठिणग्याही उडतात. सोनेरी काठाच्या चिनी मातीच्या बश्यांनाही हेच लागू आहे. उष्णतारोधक काच आणि साधी चिनी माती सर्वांत योग्य, मेलामाइन टाळावे.

सुरक्षितता

रोजच्या मराठीत 'किरणोत्सर्ग' हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो आणि या भट्टीविषयीची बरीच भीती त्यातून आली आहे. सूक्ष्मतरंग हे आयनीकारक नसलेले प्रारण आहे. त्यामुळे अन्न किरणोत्सारी होत नाही आणि भट्टी बंद होताच आत काहीही शिल्लक राहत नाही. दारावरील जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फार लहान असल्याने प्रकाश बाहेर येतो, तरंग येत नाहीत. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेल्या मानकानुसार भट्टीपासून ५ सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त असू नये. दार वाकले किंवा नीट बसत नसेल, तर मात्र भट्टी वापरू नये.

पोषणमूल्यांची हानी अन्न किती वेळ आणि किती पाण्यात शिजते यावर अवलंबून असते. थोड्या पाण्यात झटपट शिजवलेल्या भाजीत क जीवनसत्त्व उकळलेल्या भाजीपेक्षा अधिक टिकते.

खरे धोके साधे आणि घरगुती आहेत. बाळाच्या दुधाची बाटली बाहेरून कोमट लागते, पण आतील दुधाचा एखादा भाग तोंड भाजण्याइतका तापलेला असू शकतो. म्हणून ती गरम पाण्यात ठेवून तापवणे इष्ट. गुळगुळीत पेल्यातील पाणी बुडबुडे न येता उत्कलनबिंदूच्या वर जाऊ शकते आणि चमचा किंवा चहाची पूड पडताच एकदम उसळते. कवचासहित अंडे आत साठलेल्या वाफेने फुटते, कधी बाहेर काढल्यानंतरही. बटाट्याला व टोमॅटोला आधी टोचे मारावेत. शिळे अन्न तापवताना मध्येच ढवळून, नंतर दोन मिनिटे झाकून ठेवल्यास उष्णता सर्वत्र पसरते. भाताबाबत एवढेही पुरेसे नाही. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिल्यास त्यात 'बॅसिलस सेरियस' हे जिवाणू वाढतात आणि त्यांचे उलटी घडवणारे विष पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही. असा भात कोणत्याही उपकरणात तापवून खाण्याजोगा होत नाही. उरलेला भात लवकर शीतकपाटात ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे.