मिठाची चव शेजारच्या काकूंकडे

संध्याकाळी नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत एक चक्कर मारा. रमजान सुरू आहे हे कोणी सांगावं लागत नाही. खजूर, कापलेली फळं, समोसे आणि निखाऱ्यावर भाजणाऱ्या कबाबांचा धूर. १९४८पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तिकडची खाण्याची आवड इथे अजून टिकून आहे. पण रोज बाहेरून आणणं परवडत नाही. दही लावलेलं चिकन सळईवर घरीही छान भाजता येतं.

एक किलो बिनहाडाचं चिकन घ्या, शक्यतो मांडीचं. छातीचं लवकर कोरडं पडतं. त्याला पाव किलो चक्का लागतो. पातळ दही लावलं तर मसाला निखाऱ्यात गळतो, म्हणून दही फडक्यात बांधून टांगायचं. त्यात आलं-लसूण, तिखट, हळद, धणेपूड, गरम मसाला, लिंबू, दोन चमचे भाजलेलं बेसन आणि थोडं करडईचं तेल. दह्याच्या आंबटपणानं मांस मऊ होतं. चार-पाच तास मुरलं की पुरे.

अडचण मिठाची. करणारीचाच रोजा! गरजेला जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकायची मुभा आहे, पण मन धजत नाही. आमच्याकडे हे काम शेजारच्या काकूंचं. त्या माळकरी. म्हणून चिकन घालण्याआधीच नुसत्या दही-मसाल्याची वाटी त्यांच्याकडे जाते. ‘‘अजून थोडं टाक गं,’’ असं भिंतीपलीकडून उत्तर येतं. एकादशीला त्यांचाही उपवास, त्या दिवशी मात्र दीड चमचा मीठ अंदाजानं!

चिकन घालण्याआधीच मसाल्याचा एक वाटा पनीर आणि सिमला मिरचीसाठी वेगळा काढायचा. इफ्तारला येणाऱ्यांत कोणी माळकरी, कोणी लिंगायत. जैन पाहुणा असेल तर त्या वाट्यात आलं-लसूण नको. नांदेडात शीख मित्रही असतात, आणि अमृतधारी शिखांना हलाल मांस वर्ज्य आहे. पनीरच्या सळ्या वेगळ्या, चिमटा वेगळा आणि शेगडीवर पहिली पाळी त्यांचीच.

मगरिबच्या अर्धा तास आधी गच्चीवर कोळसा पेटवा. बंद खोलीत कधीही नको. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की आच तयार. खजूर-पाण्यानं रोजा सोडून, नमाज पढून आल्यावर सळ्या चढवायच्या. पनीर पाच मिनिटांत उतरतं. चिकन दर दोन मिनिटांनी फिरवत पंधरा मिनिटं भाजा. वरचे काळे डाग फसवतात, म्हणून सर्वांत जाड तुकडा कापून पाहा. आत गुलाबी दिसलं तर परत आचेवर. कच्च्या चिकनचा उरलेला मसाला वरून लावू नका.

ताटात कांदा, लिंबू, पुदिन्याची चटणी. हलालची काळजी आपण जितक्या बारकाईनं घेतो, तितकीच पाहुण्याच्या नियमाची घ्यावी. त्याला विचारायची वेळच येऊ नये. शेगडीकडे एकदा पाहून त्यानं निवांत जेवायला बसावं.