मोदकाची पारी आणि जहाजाचा पत्रा

मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथं पाहायला मिळतं. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९६८ मध्ये, याच मुंबईतल्या माझगाव डॉकमधून 'नीलगिरी' ही पोलादी युद्धनौका पाण्यात उतरली. लाकडाची फळी वाफेनं नरम करून सांगाड्यावर वाकवता येते. पण दहा-बारा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा वाकवायचा कसा?

पत्रा एकाच दिशेनं वाकवायचा असेल, तर काम सोपं. कागदाची सुरळी करावी तसा तो मोठ्या रोलरांमधून काढला, की गोलाई येते. खरी अडचण जहाजाच्या नाळेपाशी आणि मागच्या बाजूला येते. तिथं पत्र्याला दोन्ही दिशांनी बाक हवा असतो.

यातली गोम उकडीचे मोदक करणाऱ्यांना लगेच कळेल. सपाट पारीची वाटी करायची, तर कडेला पीठ जास्त होतं. म्हणून आपण चुण्या, म्हणजेच मुखऱ्या, पाडतो. पोलादाला चुण्या पाडून चालत नाही. त्याची कडच आखूड व्हावी लागते.

यासाठी कारागीर आगीचा उपयोग करतात. पत्र्यावर खडूनं रेघा आखायच्या आणि गॅसच्या टॉर्चनं त्या रेघांवरून सावकाश जायचं. एक मीटर पोलाद १०० अंश तापलं, की सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. पण इथं तापलेली पट्टी अरुंद असते आणि भोवतालचा थंड पत्रा तिला वाढू देत नाही. उष्णतेनं नरम झालेली पट्टी मग आपल्याच जागी दबते, किंचित जाड होते. निवताना ती आक्रसते आणि आधीपेक्षा आखूड होते. उष्णता वरच्याच थरात राहिली, तर पत्रा तापवलेल्या बाजूकडे वाकतो. ती आरपार गेली, तर पत्रा त्या जागी आखूड होतो. कडेला तापवलं, की वाटी तयार होते. मध्यावर तापवलं, की घोड्याच्या खोगिरासारखा आकार येतो.

एका रेघेनं पडणारा फरक अगदी थोडा. म्हणून रेघ मारायची, निवू द्यायचं, लाकडी फर्मा लावून फट पाहायची आणि पुढची रेघ ठरवायची. घाई महागात पडते. लालभडक पोलादावर एकदम पाणी ओतलं, तर ते कडक आणि ठिसूळ होऊ शकतं.

पत्रा जॅकनं दाबून, जबरदस्तीनं सांगाड्याला वेल्डिंग केला तर? बाहेरून जहाज नीटच दिसेल. पण पत्रा मूळ आकारात परत जाऊ पाहतो आणि तो ताण जोडामध्ये कायमचा अडकून राहतो. त्यावर लाटांचे तडाखे बसत राहिले, की तडा जाण्याचा धोका वाढतो. तो धोका वाट्याला येतो आत बसलेल्या खलाशांच्या.

रेघा कुठं माराव्यात हे आता संगणक सुचवू शकतो. तरीही पत्रा किती तापला, किती हलला हे ओळखणारी नजर वर्षानुवर्षांच्या सरावानंच तयार होते. असा कारागीर निवृत्त होण्याआधी त्याच्या हाताखाली कुणीतरी तयार व्हायला हवं. भाऊच्या धक्क्यावर गेलात, तर पोलादी जहाजाच्या नाळेकडे जरा निरखून पाहा. तिथला बाक कुणीतरी रेघ रेघ करत आणलेला असतो.