छोट्या लाइनचं खरं माप

रेल्वेची मॉडेलं करणारी माणसं इंजिनाच्या रंगावर, डब्यांच्या खिडक्यांवर रात्ररात्र बोलतात. धुऱ्यावरच्या दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर मोजणारा क्वचित भेटतो. नागपूरजवळच्या बेसा-पिपळ्याच्या माझ्या घरात गेली कित्येक वर्षं तेच मोजणं चाललंय, कारण माझ्या मते हा सगळा छंद त्या अंतरावर उभा आहे.

पुण्यात कोथरूडला १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालेलं भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय अनेकांनी पाहिलं असेल. तिथलं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. या प्रमाणाच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, हे छंदातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण तेवढ्यानं गाडी चालत नाही.

खरी परीक्षा सांध्यावर. रूळ रुळाला ओलांडतो तिथे क्रॉसिंगमध्ये फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, जाण्यासाठी खाच ठेवावी लागते आणि त्या खाचेपाशी चाकाचा एका बाजूचा आधार सुटतो. ते क्रॉसिंगच्या टोकावर आदळू नये म्हणून समोरच्या रुळालगत चेक रेल असते. ती पलीकडच्या चाकाला पाठीकडून धरते. एका चाकाचा जीव दुसऱ्याच्या पाठीवर! पाठींमधलं अंतर वाढलं की फ्लँज टोकावर चढते. घटलं की चाकांची जोडी चेक रेल आणि विंग रेल (क्रॉसिंगच्या टोकालगतचा वळवलेला रूळ) यांच्यावर आवळून बसते. रूळ अचूक असूनही गाडी घसरते ती इथे. आपल्या ब्रॉडगेजवर रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, चाकांच्या पाठींमधलं १६००.

१९३५ साली अमेरिकेत मिलवॉकीला नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली, ती मुख्यतः याच दुखण्यावर. एका कारखान्याची चाकं दुसऱ्याच्या सांध्यावरून जात नसत. पुढे तिच्या आरपी-२५ या शिफारशीनं चाकाचा आकार बांधून दिला. त्यात एचओच्या फ्लँजची खोली ०.६४ मिलिमीटर आहे. आपल्या ब्रॉडगेजची नवी फ्लँज २८.५ मिलिमीटर, ८७ नं भागली तर ०.३३ येते. म्हणजे मॉडेलची फ्लँज जवळजवळ दुप्पट! मला ही तडजोड पूर्ण मान्य आहे. हुबेहूब चाक घरच्या रुळांवर टिकत नाही.

ब्रिटिशांची तडजोड मात्र मला पटत नाही. त्यांनी १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर १:७६ च्या गाड्या बसवल्या. मॉडेल-अभियंता हेन्री ग्रीनलीच्या काळापासूनचा तो ओओ गेजचा वाद अजून शमलेला नाही. तिथली इंजिनं मुळात अंगानं लहान, त्यांत मोटर मावेना, ही अडचण खरी होती. पण रूळ अरुंद दिसायचे ते दिसतातच. आपली चूक त्याहून मोठी. ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.२६ मिलिमीटर हवं. अजनी शेडचं डब्ल्यूएपी-७ इंजिन आपण १६.५ वर उभं करतो, तेव्हा खालचे रूळ चौदा टक्क्यांनी अरुंद असतात.

आता नागपूरकडे या. १८६७ मध्ये इथे ब्रॉडगेज आलं. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटरगेजवर राजनांदगावपर्यंत गेली. बंगाल-नागपूर रेल्वेनं तीही ब्रॉडगेज केली. मग आली छोटी लाइन, ७६२ मिलिमीटरची. नागभीडची १९०८ ची, छिंदवाड्याची त्यानंतरची. छिंदवाड्याची २०१५ मध्ये थांबली, नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये. इंजिनं, डबे बघायचे तर आता मोतीबागचं २००२ सालचं नॅरोगेज संग्रहालय.

७६२ ला ८७ नं भागा. ८.७६ येतात. एन गेजचे, म्हणजे एचओहून छोट्या मॉडेलांचे, रूळ ९ मिलिमीटरचे असतात, जगभर तयार मिळतात, आणि त्यांचीही चाकांची मानकं ठरलेली आहेत. फरक तीन टक्क्यांच्याही आत! तयार रुळांवर खऱ्या मापानं उभी राहते ती आपली नागभीडची गाडी, ब्रॉडगेजची राजधानी नव्हे. विदर्भातल्या नव्या छंदिष्टानं तिच्यापासूनच सुरुवात करावी, असं मी आग्रहानं सांगतो.

एक काम तेवढं हातानं करावं लागतं. एनचे स्लीपर १:१६० च्या मापाचे, नॅरोगेजला फार आखूड आणि दाट दिसतात. ते कापून लाकडी पट्ट्यांचे लांब स्लीपर विरळ बसवायचे. सांध्यावर मात्र चेक रेल आणि क्रॉसिंगमधलं अंतर कारखान्यानं दिलंय तसंच ठेवायचं, आणि प्रत्येक धुरा गेजपट्टीवर तपासूनच रुळावर ठेवायचा.