कराडची शाळा, कोल्हापूरचं कॉलेज

खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्यपदक महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण हा पैलवान नुसता तालमीत घडलेला नव्हता. तो एका हायस्कुलातून एका कॉलेजात गेला आणि त्या कॉलेजने त्याला जगापुढे उभं केलं. कराडचं टिळक हायस्कूल आणि कोल्हापूरचं राजाराम कॉलेज या दोन संस्थांबद्दल आपण फार कमी बोलतो. मला त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लंगोट लहानपणीच चढला. १९४० ते १९४७ ही सात वर्षं त्यांनी टिळक हायस्कुलात काढली. त्या काळात सातारा जिल्हा बेचाळीसच्या चळवळीने आणि प्रतिसरकारने पेटलेला होता, आणि पोरं सकाळी आखाड्यात, दुपारी वर्गात, रात्री भूमिगतांच्या कामात असत. खाशाबांनीही त्यात हात घातला होता. याच शाळेतून काही वर्षं आधी यशवंतराव चव्हाण मॅट्रिक होऊन राजाराम कॉलेजात गेले होते. कराड-कोल्हापूर ही वाट अशी आधीच मळलेली होती.

राजाराम कॉलेज १८८० चं. गोपाळ कृष्ण गोखले तिथे शिकले. शिवाजी विद्यापीठ निघायला १९६२ साल उजाडायचं होतं, तोवर दक्षिण महाराष्ट्रातल्या हुशार पोराला उच्च शिक्षणासाठी हेच मोठं ठिकाण. आणि बाहेर पडलं की शाहू महाराजांचं कोल्हापूर: खासबागचं मैदान, गंगावेस, मोतीबाग, पेठापेठांतल्या तालमी. असं गाव दुसरं नव्हतं.

तरीही कॉलेजात पाऊल ठेवताच खाशाबांची वाट अडली. वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला ते गेले, तर क्रीडा शिक्षकांनी त्यांच्याकडे पाहून नकार दिला. साडेपाच फुटांच्या आतबाहेरची उंची, अंगाने काटक, पैलवान म्हणावा असा देह नाही. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या पोराने आपल्याहून थोराड गडी एकामागून एक पाडले. मला या हकिकतीत कुस्त्यांपेक्षा ती परवानगी मोठी वाटते. प्राचार्यांनी क्रीडा शिक्षकांचंच म्हणणं उचलून धरलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्यांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत आवळायची, त्याच क्षणी आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालत पाठ वळवायची आणि त्याला अंगावरून फेकायचं. या डावाला उंची लागत नाही. उलट बुटका गडी खाली शिरतो, म्हणून उंच गड्याला तो चटकन उचलतो. लागते ती चपळाई, आणि मान धरल्यावर विचार न करता वळण्याची सवय. ती हजारदा केल्याशिवाय अंगी येत नाही.

१९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. तिथे पहिल्यांदा मॅटशी गाठ पडली. तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीत पाय रोवता येतो आणि कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. मॅटवर पाय वेगळा पडतो, वेळ मोजलेली असते, गुण मोजले जातात. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे शिकवलं. फ्लायवेट गटात ते सहावे आले.

पुढची चार वर्षं त्यांनी जोर-बैठका वाढवल्या, एक गट वर चढले. मद्रासच्या निवड स्पर्धेत एका गुणाने डावललं गेलं तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकली. मग प्रश्न आला पैशांचा. सरकारदरबारी खेटे घालून हाताला फारसं लागलं नाही. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. १९५२ चे सात हजार, मास्तराच्या घरातले! विद्यार्थ्यावर इतका विश्वास टाकणारा प्राचार्य मला आपल्या शिक्षणाच्या इतिहासात फार वरच्या पायरीवर दिसतो.

हेलसिंकीत फ्रीस्टाइल बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल पाडले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती गेली. तिच्या पाठोपाठ, पुरती विश्रांतीही न मिळता, सोव्हिएत मल्लाशी उभं राहावं लागलं, कारण त्यांच्या बाजूने भांडायला जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता. तरी कांस्य मिळालं. परतल्यावर गावकऱ्यांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढली. खाशाबांनी मात्र लगेच कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९८४ मध्ये रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि ही दिरंगाई अक्षम्यच आहे. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ मध्ये पॅरिसला ते आणलं नेमबाज स्वप्नील कुसाळेने. तोही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा आणि शालेय वयातच शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झालेला.

प्रबोधिनीत जागा मोजक्या. बाकीच्या पोरांचं काय होतं ते रायगडात बघावं. दिवा-रोहा मार्गावरच्या आपट्यासारख्या गावातलं पोर शाळेकडून कबड्डी खेळतं, तालुका, जिल्हा गाजवतं, मग दहावी होते. पुढे पनवेलच्या गर्दीत त्याला कुणी ओळखत नाही. शाळेने नाव कळवलेलं नसतं, कॉलेजच्या जिमखान्याने विचारलेलं नसतं. दोन वर्षांत खेळ सुटतो आणि पोर एमआयडीसीच्या पाळीला लागतं.

म्हणून आपटा-पनवेल भागातल्या पीटीच्या सरांना आणि बाईंना विनंती आहे. दहावीचा निकाल लागला की आपल्या खेळाडूंची प्रमाणपत्रं घेऊन ती मुलं ज्या कॉलेजात जातील तिथल्या जिमखान्यात एकदा स्वतः जाऊन या. आणि कॉलेजांनी अंगापिंडाने लहान पोर दाराशी आलं, तर निवड चाचणीत उतरवल्याशिवाय त्याला परत पाठवू नये.