भूगोलाची पदवी आणि आपले पाचट



"खोडव्याच्या बिलातून पोरीची फी भरायची, ती काय एम.ए.च्या भूगोलाला?" गटऑफिसात एका सभासदाने विचारले. प्रश्न रास्त आहे. पण हा भूगोल आता नकाशापुरता राहिला नाही.

चंद्रपूरचे पाहा. कोळशाच्या खाणी, २,९२० मेगावॉटचे वीजकेंद्र आणि त्याच जिल्ह्यात ताडोबाचे जंगल. कोळसा जळून हवेत जाणारा कार्बन झाडे शोषतात, जंगल तुटले की तो परत हवेत. हा हिशोब उपग्रहाच्या चित्रांवरून आणि गावोगाव हिंडून मांडायचा, असा हा अभ्यास. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. गावानेच जंगल राखले तर काय फरक पडतो, तेही यात तपासतात.

आणि हो, आपण फडात पेटवतो त्या पाचटाचा धूरही या हिशोबात धरतात!

पोरीचा अर्ज भरून झाला आहे.

— ऊसविकास अधिकारी