पडद्यामागची सर्व्हिस : पाच गैरसमज

नागपुरात कळमना बाजारातल्या एखाद्या अडत्याच्या संगणकावर वजनकाट्याचे आकडे आपोआप टिपून मुख्य कार्यालयाकडे पाठवणारं सॉफ्टवेअर बसवायचं आहे, असं समजू. काटा केबलने जोडलेला आहे, इंटरनेट अधूनमधून तुटतं आणि संगणकासमोरचा माणूस आपल्या हिशेबात गुंतलेला असतो. अशा कामाला बॅकग्राउंड सर्व्हिस लागते. अँटिव्हायरसचा अखंड पहाराही अशाच सर्व्हिसमधून चालतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांत आणि नव्याने नोकरीला लागलेल्यांच्या कोडमध्ये तिच्याबद्दलचे काही ठरावीक गैरसमज हमखास भेटतात.

गैरसमज १ : सर्व्हिस म्हणजे खिडकी लपवलेला साधा प्रोग्राम.

वस्तुस्थिती : साधा प्रोग्राम कोणीतरी लॉग-इन केल्यावर चालतो. सर्व्हिस त्याआधीच सुरू होऊ शकते. तिला सुरू करणं आणि थांबवणं हे विंडोजमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरचं काम आहे, बहुतेक लिनक्समध्ये सिस्टमडीचं. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिस ‘सेशन शून्य’मध्ये, वापरकर्त्याच्या पडद्यापासून वेगळ्या चालतात. तिने ‘ओके दाबा’ असा संदेश दाखवला तर तो कोणाला दिसत नाही आणि सर्व्हिस उत्तराची वाट बघत अडकून पडते. म्हणून पडद्यावरचा भाग वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवावा आणि सर्व्हिसने आपलं म्हणणं लॉगमध्ये लिहावं.

गैरसमज २ : सर्व्हिसमध्ये थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, जितके जास्त, तितका वेग जास्त.

वस्तुस्थिती : काम प्रोसेसरचं असेल तर कोर जेवढे, साधारण तेवढेच थ्रेड उपयोगाचे. त्यापुढे अदलाबदलीतच वेळ जातो. विंडोजमध्ये प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा १ एमबी पत्ता-जागा राखली जाते, म्हणजे हजार थ्रेडना सुमारे १ जीबी. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेबही लक्षात ठेवावा : कामाचा २० टक्के भाग एकामागोमागच करावा लागत असेल, तर कितीही कोर लावले तरी वेग पाचपटीपलीकडे जात नाही. आपल्या काट्यावर तर एका वेळी एकच वजन होतं. एक थ्रेड आकडा वाचणारा, एक तो डिस्कवर लिहिणारा आणि एक पाठवणारा, एवढे पुरेत. त्यांच्यामध्ये मर्यादित लांबीची रांग ठेवावी. अमर्याद रांग इंटरनेट बंद असताना वाढत जाऊन मेमरी खाते.

गैरसमज ३ : चाचणीत नीट चाललं, म्हणजे थ्रेडचा घोळ नाही.

वस्तुस्थिती : एकूण वजन १००० किलो आहे. दोन थ्रेडनी एकाच वेळी १००० वाचलं. एकाने ४० मिळवून १०४० लिहिलं, दुसऱ्याने ३५ मिळवून त्यावरच १०३५ लिहिलं. ४० किलो हिशेबातून गेले आणि कुठेही चूक नोंदली गेली नाही. असा योग चाचणीत महिनोन् महिने येत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बंद पडली होती, म्हणून बिघाड वेळेत कळला नाही. तिच्या मुळाशी याच जातीचा दोष निघाला. चाचणी दोष आहे हे दाखवते, दोष नाही याची हमी देत नाही.

गैरसमज ४ : मग एका वेळी एकाच थ्रेडला डेटा हाताळू देणारे लॉक सगळीकडे लावावेत.

वस्तुस्थिती : पहिल्या थ्रेडने ‘अ’ लॉक धरून ‘ब’ मागितला आणि दुसऱ्याने ‘ब’ धरून ‘अ’ मागितला, की दोघेही कायमचे अडकतात. म्हणून लॉक घेण्याचा क्रम सर्वत्र एकच ठेवावा आणि लॉक हातात असताना नेटवर्कची वाट बघू नये. त्याहून चांगला उपाय म्हणजे सामायिक डेटाच कमी करणं. एकूण वजन फक्त डिस्कवर लिहिणाऱ्या थ्रेडने बदलायचं ठरवलं, तर त्या बेरजेसाठी लॉकची गरजच उरत नाही.

गैरसमज ५ : बंद करताना थ्रेड मारून टाकले की झालं.

वस्तुस्थिती : बाहेरून मारलेला थ्रेड हातातला लॉक तसाच सोडून जातो आणि फाइल अर्धवट राहू शकते. जावानेही थ्रेड थांबवणारी ‘स्टॉप’ ही सोय १९९८ मध्येच टाळण्याजोगी ठरवली. योग्य रीत अशी : सर्व्हिसने थांबण्याची खूण करायची आणि प्रत्येक थ्रेडने ती पाहून हातातलं काम संपवून बाहेर पडायचं. काट्याची वाट बघणाऱ्या थ्रेडला वेळमर्यादा द्यावी, नाहीतर तो खूण पाहणारच नाही. वेळही फार नसतो. संगणक बंद होताना विंडोज १० सहसा ५ सेकंदच थांबतं. सिस्टमडी सहसा दीड मिनिट देतं आणि मग प्रक्रिया थेट संपवतं. अचानक वीज गेली तर तेवढाही वेळ मिळत नाही. त्यामुळे वजन आधी डिस्कवर लिहावं, मग पाठवावं. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे दोनदा पोचली तरी दोनदा मोजली जाणार नाही.

कोड लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा : कोणता डेटा कोणत्या थ्रेडच्या ताब्यात, रांग भरल्यावर काय करायचं, आणि ‘थांब’ म्हटल्यावर पाच सेकंदांत काय काय संपवायचं. यांची उत्तरं मिळेपर्यंत पहिला थ्रेडही सुरू करू नका.