शिकाऊ शिक्षकांचे सरावपाठ व त्यांचीं उपेक्षित साधनें

१. जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना सनदा, महजर, ताळेबंद व खासगी पत्रें हातीं आलीं म्हणजे संशोधकाचा चेहरा खुलतो. त्याच रुमालाच्या तळाशीं शाळेच्या वह्या निघाल्या, तर त्या बाजूस पडतात. कित्त्याच्या व उजळणीच्या वह्या निदान अक्षरवळणाच्या अभ्यासासाठीं तरी कोणी ठेवितो. पण ट्रेनिंग कॉलेजांत शिकणाऱ्या उमेदवार शिक्षकाची पाठांच्या टांचणाची वही हें इतिहासाचें साधन आहे, असें म्हटल्यास पुष्कळांस नवल वाटेल. अशी वही कोणत्या परंपरेंतून आली, तिच्यांत काय असतें, आणि संग्राहकानें ती कां व कशी राखावी, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

२. प्रथम परंपरेकडे वळूं. पंतोजीच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरविणें, पाढे, पावकी-निमकी तोंडपाठ करणें व पुढें मोडी कागद वाचणें, असा क्रम असे. पंतोजी एक आणि मुलें अनेक. यामुळें वडील मुलानें धाकट्याचा हात धरून गिरवून घ्यावें, परवचा म्हणवून घ्यावी, हें ओघानेंच येई. मुलांनींच मुलांस शिकविण्याची ही चाल किती जुनी आहे, याची साक्ष शेजारच्या कर्नाटकांतून मिळते. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ सालीं इक्केरीकडे जात असतां एका देवळाच्या ओसरींत चार मुलें जमिनीवर बारीक वाळू पसरून, बोटानें आंकडे काढीत व ते सुरांत म्हणत गणित शिकतांना त्यास दिसलीं. शिक्षक कोणी जवळ नव्हता. तीं एकमेकांकडूनच पाठ पक्का करून घेत होतीं.

३. पुढें पावणेदोनशें वर्षांनीं याच वाळूचा उल्लेख एका निराळ्या ग्रंथांत येतो. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ सालीं मद्रास येथील एग्मोरच्या मुलांच्या अनाथगृहाचा व्यवस्थापक झाला. जवळच्या एका मलबारी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढीत असलेलीं त्यानें पाहिलीं व तीच रीत आपल्या मुळाक्षरांच्या वर्गांत घालण्याचा हुकूम केला. हाताखालच्या शिक्षकांस ती रुचेना. तेव्हां बेलनें सुमारें आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किन नांवाच्या मुलाकडे तो वर्ग सोंपविला. मुलाचें काम उत्तम वठलें, आणि त्यांतून विद्यार्थ्यांकरवीं विद्यार्थ्यांस शिकविण्याची ‘मद्रास पद्धति’ उभी राहिली. १७९६ सालीं बेल स्वदेशीं परतला व पुढल्याच वर्षीं लंडनांत त्यानें आपला वृत्तांत छापिला. १७९८ सालीं जोसेफ लँकेस्टर यानें लंडनच्या साउथवर्क भागांत याच धर्तीची शाळा काढिली. या दोघांच्या अनुयायांतील श्रेयाचा वाद पुढें बरींच वर्षें चालला.

४. या कथेवरून ‘मद्रास पद्धति आमचीच’ असा अभिमान आमच्यापैकीं कांहीं जण बाळगितात. तो अगदींच निराधार नाहीं. परंतु साधनांस जेवढें बोलतां येतें तेवढेंच त्यांच्या तोंडीं घालावें, हा आपला नेम येथेंहि पाळिला पाहिजे. बेलच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणें त्यानें देशी शाळेंतून उचललें तें वाळूंतील लेखन. वडील मुलाच्या हातीं वर्ग देण्याची योजना त्यास शिक्षकांच्या हट्टापायीं सुचली. शिवाय एक महत्त्वाचा भेद आहे. पंतोजीच्या शाळेंत वडील मुलगा शिकवी खरा, पण तो कसा शिकवितो हें पाहून त्यास सुधारणारें स्वतंत्र असें कोणी नसे. बेलच्या पुस्तकाच्या नांवांतच शिक्षकाच्या किंवा पालकाच्या देखरेखीचा निर्देश आहे. शिकवून शिकवितां येतें हें दोन्हीं ठिकाणीं मान्य होतें. शिकविणाऱ्यावर जाणत्याची नजर असावी हें दुसऱ्या ठिकाणीं शब्दानें सांगितलें गेलें. ती नजर पुरेशी होती असें मात्र नव्हे. बेलच्या शाळेंत ती मुलांच्या शिस्तीवर व पाठांतरावर अधिक असे. शिकविणारा मुलगा शिक्षक म्हणून वाढतो कीं नाहीं, इकडे कमी.

५. मुंबई इलाख्यांत १८२२ सालीं हैंदशाळा शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं मुंबईंत कांहीं शिक्षक तयार करून १८२६ च्या सुमारास बाहेरच्या जिल्ह्यांत पाठविण्यांत आले. सरकारी नॉर्मल वर्ग निघाला तो १८४५ सालीं, आणि त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकर यांजकडे आली. ‘दर्पण’कार म्हणून बाळशास्त्र्यांचें नांव सर्वतोमुखीं आहे; पण आयुष्याच्या अखेरच्या काळांत ते शिक्षकांचे शिक्षक होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. मे १८४६ मध्यें त्यांचें निधन झाल्यावर हें काम दादोबा पांडुरंग यांजकडे गेलें. पुढें पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाचें प्रमुखपद भूषविणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं ‘मराठी शालापत्रक’ चालविलें, व नंतर तें त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांजकडे आलें. व्याकरणकार, पत्रकार, निबंधकार अशीं जीं मंडळी आपण वाङ्मयाच्या इतिहासांत वाचितों, त्यांतील किती तरी जणांचा शिक्षक घडविण्याच्या कामाशीं संबंध होता, हें यावरून ध्यानीं येईल.

६. या साऱ्या खटपटीचा खेड्यांपर्यंत किती उपयोग झाला, हा प्रश्न त्याच शतकांत विचारला गेला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं अशी तक्रार केली कीं, प्राथमिक शाळांतील थोडेच शिक्षक ट्रेनिंग कॉलेजांतून आलेले आहेत, बाकीचे तसेच आहेत. शिक्षक तयार केलेला असावा, त्यास पगार पुरेसा मिळावा, आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यास लाज वाटूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. कोणत्या मुलांपुढें उभें राहावयाचें तें जाणल्यावांचून शिक्षकाची तयारी पुरी होत नाहीं, हा यांतील मर्माचा भाग आहे.

७. आतां सरावपाठाची रीत पाहूं. ट्रेनिंग कॉलेजास जोडून एक सरावाची शाळा असे. उमेदवारानें प्रथम अनुभवी शिक्षकाचा आदर्श पाठ मागें बसून पाहावा. मग आपल्या पाठाचें टांचण लिहून तें मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावें. नंतर मुलांपुढें प्रत्यक्ष पाठ द्यावा, आणि शेवटीं त्यावरील अभिप्राय ऐकावा, असा हा चार पायऱ्यांचा क्रम. याखेरीज ‘टीकापाठ’ म्हणून एक प्रकार असे. त्यांत एक जण पाठ घेई, सोबती टिपणें करीत, व मुलें गेल्यावर गुणदोषांची उघड चर्चा होई. या चर्चेची चाल ग्लासगो येथील डेव्हिड स्टो याच्या संस्थेंत रूढ झाली होती. टांचणाचा सांचा मात्र जर्मनींतून आला. हर्बार्टच्या अनुयायांनीं, विशेषतः येना येथील राइन यानें, पाठाच्या पांच पायऱ्या सांगितल्या: पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सिद्धांत व उपयोजन. इंग्रजी पुस्तकांच्या द्वारें त्या आमच्याकडील टांचणवहींत येऊन बसल्या.

८. अशा वहीच्या पानावर माथ्याशीं तारीख, इयत्ता, विषय व घटक. त्याखालीं हेतु व साहित्य. नंतर उभ्या रकान्यांत विषय, पद्धति व फळ्यावरील लेखन. आणि पानाच्या शेवटीं किंवा समासांत, बहुधा तांबड्या शाईनें, मार्गदर्शकाचा शेरा असतो. इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा भाग तो हाच. टांचणांत उमेदवारानें काय करावयाचें योजिलें होतें तें कळतें. वर्गांत प्रत्यक्ष काय घडलें तें शेऱ्यावांचून कळत नाहीं. उदाहरणादाखल कल्पना करूं कीं, शिवाजीमहाराज १६६६ सालीं आग्र्याहून निसटले हा पाठ चौथीस दिला आहे. टांचणांत पेटारे, पहारे व तारखा यथास्थित आहेत. खालीं शेरा आहे कीं, प्रश्न तुम्हींच विचारले व उत्तरेंहि तुम्हींच दिलीं. मागील बाकांवरील मुलांकडे एकदांहि पाहिलें नाहीं. एवढ्या दोन ओळींनीं तो वर्ग आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. शिक्षणखात्याच्या वार्षिक अहवालांतून शाळांची संख्या व खर्च कळेल, हें चित्र त्यांत मिळावयाचें नाहीं.

९. मात्र एका शेऱ्यावर विसंबूं नये. पुढील पाठाचें टांचण काढून पाहावें. त्यांत उमेदवारानें मुलांस विचारावयाचे प्रश्न आधीं लिहून काढिले असतील, तर बोललेला शब्द लागला असें समजावें. दहा पाठांनंतरहि तोच शेरा येत असेल, तर दोष एकट्या शिष्याचा मानूं नये. दोष दाखविणाऱ्यानें वाट दाखविली नाहीं, असाहि त्याचा अर्थ होतो. ‘ठीक’, ‘बरें’, ‘आवाज मोठा असावा’ एवढेंच जेथें पानोपानीं आहे, तेथें मार्गदर्शन नांवापुरतें झालें. पांच पायऱ्यांचेंहि असेंच. कवितेच्या पाठांतहि ‘सिद्धांत’ शोधून काढण्याची केविलवाणी धडपड दिसली, म्हणजे सांचा गुरूच्याहि डोक्यावर बसला होता असें ओळखावें. टीकापाठांत सर्वांदेखत झालेल्या छाननीनें भित्रा उमेदवार अधिकच भित्रा होई, व धीट असे तो मुलांकडे पाठ फिरवून परीक्षकांसाठीं पाठ देई. चांगला मार्गदर्शक एका वेळीं एकच दोष सांगे, आणि तो दूर करण्याचा उपाय सांगे. वही ओळीनें वाचली तरच हा फरक दिसतो. सुटें पान मुकें असतें.

१०. ही परंपरा संपलेली नाहीं. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें शिक्षकशिक्षणाचा प्रत्यक्ष शाळेशीं संबंध वाढविण्यावर भर दिला. २०१४ च्या राष्ट्रीय नियमावलीनें दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमांत वीस आठवडे शाळेंत काढण्याची अट घातली. छात्रसेवाकाल किंवा आंतरवासिता या नांवांनीं तो काळ ओळखला जातो. मुदत वाढली, ही गोष्ट चांगली. परंतु वीस आठवडे शाळेंत असणें व वीस आठवडे कोणाच्या नजरेखालीं असणें, यांतील अंतर आमच्या जुन्या वह्याच उत्तम दाखवितील. दिवस मोजणें सोपें आहे. शेरा वाचावा लागतो.

११. म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी आहे. टांचणवही मिळाल्यास तीं पानें सुटीं करूं नयेत. टांचण व शेरा यांची जोडी मोडूं नये. तांबडी शाई फिकी पडत असल्यास प्रथम तिची नक्कल करून ठेवावी. वहीसोबत निरीक्षणाची वही, प्रशस्तिपत्र किंवा शालापत्रकाचे अंक असतील, तर ते एकत्रच नोंदवावे. मोडी व बाळबोध या दोन्हीं लिप्या एकाच वहींत असल्यास तसें टिपावें, कारण लिपीच्या स्थित्यंतराचाहि तो पुरावा आहे. मुलांचीं नांवें शेऱ्यांत आलीं असल्यास छापतांना गाळावीं. अशा वह्या लिहिणाऱ्याच्या निवृत्तीनंतर माळ्यावर जातात, व त्याच्या पश्चात् वजनावर रद्दींत जातात. जुन्या पिढीच्या शिक्षकांचीं घरें दरसाल मोडत आहेत. लढायांच्या बखरी राखण्यासाठीं आपण जेवढे कष्ट घेतले, त्याच्या दशांशानें हें काम होईल. एका माणसानें दुसऱ्यास मुलांपुढें उभें राहावयास कसें शिकविलें, याची लेखी साक्ष आपल्या भाषेंत या वह्यांइतकी जवळून दुसरीकडे मिळणें कठीण आहे.